चित्रकार-शिल्पकारांवरील अनुबोधपट

चित्रकार-शिल्पकारांवरील अनुबोधपट : चित्रकार, शिल्पकार इ. दृश्यकलावंतांचे जीवन, त्यांच्या कलाकृती व त्यांची निर्मितिप्रक्रिया ह्यांचे दर्शन घडविणारा अनुबोधपटांचा एक प्रकार. कलावंतांच्या जीवनावरील कथापट, कलेतिहासाची माहिती देणारे शैक्षणिक पट आणि कलावंतांनी स्वतः केलेले प्रयोगपट ह्यांच्याशी त्याचे निकटचे नाते आहे. तथापि त्याचा दावा वेगळा आहे. पडद्यावर दिसणारा माणूस हाच तो कलावंत आणि तो काम करतो ते असेच, असे हा पट प्रेक्षकाला अप्रत्यक्षपणे सांगत असतो. मूळ कलाकृती पाहण्याची संधी थोड्यांनाच लाभते. कलावंताला प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची संधी तर त्याहूनही थोड्यांना. ही उणीव अनुबोधपट भरून काढतो. मात्र ती भरून काढीत असताना कॅमेऱ्याला जे टिपता येते तेच कलानिर्मितीचे सार होय, अशी समजूतही तो रूढ करतो. हात, चेहरा, हालचाल व वेग ह्या गोष्टी चित्रपटाला सहजसाध्य आहेत. विचार, प्रतीक्षा, पुसून टाकलेली रेषा व अर्ध्यावर सोडलेले काम ह्या गोष्टी दुःसाध्य आहेत. कलावंताची विसाव्या शतकात रूढ झालेली लोकप्रतिमा बऱ्याच अंशी ह्या सहजसाध्य गोष्टींतून घडली आहे. म्हणूनच ह्या पटांचे मूल्यमापन करताना त्यांनी काय दाखविले, ह्याबरोबरच त्यांच्या चौकटीबाहेर काय राहिले, ह्याचाही विचार करावा लागतो.

प्रारंभ : फ्रेंच नाटककार व नट साशा गीत्री (१८८५–१९५७) ह्याचा ‘सो द शे नू’ (१९१५, अर्थ, ‘आमच्याकडची माणसे’) हा ह्या प्रकारातील एक आद्य पट होय. जर्मन बुद्धिमंतांनी १९१४ मध्ये काढलेल्या युद्धसमर्थक जाहीरनाम्याला उत्तर म्हणून फ्रान्सचे सांस्कृतिक वैभव लोकांसमोर मांडावे, हा त्यामागील हेतू होता. पट मूक असल्याने गीत्री खेळाच्या वेळी स्वतः निवेदन करीत असे. संधिवाताने आखडलेल्या बोटांत कुंचला धरून रंगविणारा रन्वार आणि उघड्यावर उभा राहून चित्र काढणारा मॉने ह्यांची त्यातील दृश्ये आज अमोल दस्तऐवज ठरली आहेत. एदगार दगा ह्याने चित्रणास नकार दिल्यामुळे तो केवळ रस्त्याने चालताना दिसतो. शिल्पकार ऑग्यूस्त रॉदँ मात्र संगमरवरावर छिन्नी चालविताना दिसतो. वस्तुतः रॉदँ प्रामुख्याने मातीत आकार घडविणारा शिल्पकार. त्याच्या शिल्पांच्या संगमरवरी आवृत्त्या कोरण्याचे काम कार्यशाळेतील साहाय्यक करीत. तथापि शिल्पकार म्हणजे छिन्नी-हातोडा घेऊन दगडाशी झुंजणारा माणूस, ही प्रतिमा लोकमानसात इतकी दृढ होती, की कॅमेऱ्यासमोर खुद्द रॉदँनेही तीच भूमिका वठविली. कलावंताचा नकार आणि कलावंताचा अभिनय ह्या दोन्ही गोष्टी अशा रीतीने ह्या प्रकाराच्या आरंभापासूनच आढळतात.

जर्मनीत हान्स क्युर्लिस ह्याने १९२३ पासून ‘शाफेन्डे हेंडे’ (अर्थ, ‘निर्माते हात’) ही पटमालिका तयार केली. लोव्हिस कोरिंट, माक्स लीबरमान, व्हासिली कांडिन्स्की इ. चित्रकारांचे काम करणारे हात त्याने जवळून चित्रित केले. व्यक्तिमाहात्म्य टाळून केवळ कृतीचा अभ्यास करावा, अशी ही शास्त्रीय दृष्टी होती. परंतु शरीरापासून अलग दाखविलेला हात पाहून पाहणाऱ्यास वाटते, की निर्मिती ही हाताच्याच अंगची एखादी गूढ शक्ती आहे. ह्या मालिकेने रूढ केलेले हाताचे समीपदृश्य पुढे अशा पटांचे जणू बोधचिन्हच होऊन बसले.

कलाकृती हाच विषय : कलावंत हयात नसल्यास चित्रपटकाराजवळ उरतात त्या केवळ कलाकृती, पत्रे व छायाचित्रे. इटलीत ल्युचानो एम्मेर ह्याने १९३८ च्या सुमारास जॉत्तोच्या भित्तिचित्रांचे तपशील कथेच्या क्रमाने जोडून त्यांतून एक नाट्य उभे केले. कुर्ट एर्टेल ह्याच्या मायकेलअँजेलोवरील जुन्या पटाची रॉबर्ट फ्लाहर्टी ह्याच्या सहभागाने सिद्ध झालेली ‘द टायटन’ (१९५०) ही इंग्रजी आवृत्ती अशीच आहे. तीत एकही नट नाही. रिकामे जिने, ओस दालने, शिल्पांवरून सरकणारा प्रकाश आणि निवेदकाचा आवाज एवढ्यांच्या बळावर एका अदृश्य नायकाचे चरित्र आकारास येते.

फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने ह्याच्या ‘व्हान गॉख’ (१९४८) ह्या लघुपटाने ही पद्धती तर्कशुद्ध टोकाला नेली. चित्रांच्या चौकटी दृष्टिआड करून व निरनिराळ्या चित्रांतील रस्ते, घरे, खिडक्या व चेहरे एकमेकांना जोडून त्याने एक सलग जग निर्माण केले आणि चित्रकाराचे आयुष्य जणू त्याच जगात घडले, अशी रचना केली. चित्रांच्या अखंडतेवर हे आक्रमण आहे, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. त्याला समीक्षक आंद्रे बाझँ (१९१८–५८) ह्याने दिलेले उत्तर ह्या विषयाच्या विचारात पायाभूत ठरले आहे. चित्राची चौकट दृष्टीला आत खेचते, तर चित्रपटाचा पडदा दृष्टीला आपल्या कडांपलीकडे नेतो. म्हणून पडद्यावर आलेले चित्र हे मूळ चित्राची प्रतिकृती नसून दोन कलांच्या संयोगातून झालेली नवी निर्मिती असते, अशी त्याची भूमिका होती. ती मान्य केली, तरी एक प्रश्न उरतोच. रेनेचा पट कृष्णधवल आहे. ज्या चित्रकाराची प्रतिभा रंगांतून प्रकटली, त्याचे रंग वगळल्यावर पडद्यावर शिल्लक राहतो तो त्याच्या आयुष्याचा शोकात्म आलेख. व्हान गॉख म्हणजे प्रथम एक दुःखी माणूस आणि मग चित्रकार, हा क्रम लोकांच्या मनात पक्का होण्यास अशा पटांचा हातभार लागला. ‘लस्ट फॉर लाइफ’ (१९५६) ह्यासारख्या कथापटांनी तो क्रम अधिकच दृढ केला.

निर्मितीचा क्षण : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात चित्रपटकारांचे लक्ष प्रत्यक्ष निर्मितिक्रियेकडे वळले. फ्रांस्वा कांपो ह्याने १९४६ मध्ये आंरी मातीस ह्याच्यावर केलेल्या पटात रेषा काढणाऱ्या हाताची हालचाल मंद गतीने दाखविली आहे. कुंचला कागदापाशी येतो, घुटमळतो, हवेत अनेक रेषा आजमावतो व मग एकाएकी टेकतो. तत्त्वज्ञ मॉरीस मेर्लो-पाँती (१९०८–६१) ह्याने आपल्या एका निबंधात ह्या दृश्याची चिकित्सा केली. अगणित शक्यतांतून हाताने एक निवडली, असे मंद गतीमुळे वाटते. परंतु मातीसने त्या शक्यता मोजल्या नव्हत्या, त्याचा हात सरळ कागदाकडे गेला होता, असे त्याचे प्रतिपादन आहे. कॅमेरा खोटे बोलत नाही. मात्र काळाचे माप बदलले, की तो नसलेला संकोचही निर्माण करू शकतो, हा ह्या चिकित्सेचा इत्यर्थ होय.

चित्रकाराचा चेहरा व उमटणारी रेषा एकाच दृश्यात कशी आणावी, ही ह्या पटांपुढील तांत्रिक अडचण होती. कारण पाठमोरा चित्रकार आपले चित्र आपल्याच देहाने झाकतो. बेल्जियन दिग्दर्शक पॉल हासार्ट्‌स ह्याने पिकासोवरील पटात (१९५०) पारदर्शक काचेवर चित्र काढवून घेतले व काचेमागे कॅमेरा ठेवला. पुढे हीच क्लृप्ती अमेरिकेत हान्स नामूट (१९१५–९०) ह्याने वापरली आणि तिचे परिणाम कलेतिहासाला वळण देणारे ठरले.

नामूटने जॅक्सन पॉलक (१९१२–५६) ह्याची कामात मग्न असतानाची छायाचित्रे १९५० च्या उन्हाळ्यात घेतली व त्याच वर्षीच्या शरदऋतूत पाउल फाल्केनबेर्ग ह्याच्या सहकार्याने त्याच्यावर सुमारे दहा मिनिटांचा रंगीत पट चित्रित केला. तो १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दाखविण्यात आला. त्याचे संगीत मॉर्टन फेल्डमन ह्याचे असून निवेदन खुद्द पॉलकच्या आवाजात आहे. रंगाने माखलेले बूट चढवून पॉलक जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासभोवती फिरतो, काठीने रंग उडवितो, ठिबकवितो. उत्तरार्धात तो काचेवर रंग, तारा, खडे इ. वस्तू मांडतो आणि कॅमेरा खालून त्याचा चेहरा टिपतो. मोकळ्या आकाशाखाली काम करणारा, निसर्गशक्तीशी एकरूप झालेला चित्रकार अशी जी प्रतिमा त्यातून उभी राहते, तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. पॉलक एरवी आपल्या कोठारवजा कार्यशाळेत काम करी. तेथे पुरेशी प्रकाशयोजना करण्याइतका पैसा नसल्याने चित्रण बाहेर उन्हात करावे लागले. थंडीच्या दिवसांत तेच ते प्रसंग पुन्हापुन्हा करून दाखविण्याचा ताण पॉलकवर पडला. चित्रण संपल्याच्या दिवशी, सुमारे दोन वर्षे मद्यापासून दूर राहिलेला पॉलक पुन्हा प्याला आणि त्याने भोजनाचे टेबल उलथून टाकले, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्याच्या पुढील ऱ्हासाचे खापर एका पटावर फोडणे अर्थातच योग्य नव्हे. परंतु जे काम एकांतात होत असे, ते कुणाच्या तरी सांगण्यावरून थांबवीत व पुन्हा सुरू करीत करावे लागले, की करणाऱ्याला आपणच आपली नक्कल करीत आहोत असे वाटू लागते, ही गोष्ट त्या प्रसंगातून स्पष्ट होते.

समीक्षक हॅरल्ड रोझेनबर्ग ह्याने १९५२ मध्ये ‘क्रियाचित्रण’ ही संकल्पना मांडली. कॅनव्हास हे कृतीचे रंगण होय, असे तिचे सूत्र होते. रोझेनबर्गने आपल्या लेखात पॉलकचे नाव घेतले नव्हते. तरीही नामूटच्या दृश्यांमुळे वाचकांनी ती संकल्पना पॉलकशीच जोडली. ॲलन कॅप्रो ह्याने १९५८ मध्ये पॉलकच्या वारशाचा अर्थ लावताना चित्रापेक्षा कृतीला महत्त्व दिले व त्यातून ‘हॅपनिंग’ ह्या नव्या कलाप्रकाराची वाट खुली झाली. पॉलकविषयीच्या दंतकथेतील नामूटच्या छायाचित्रांचा वाटा बार्बरा रोझ ह्या समीक्षिकेने पुढे दाखवून दिला. पॉलक तयार होत असलेल्या चित्राकडे दीर्घकाळ पाहत बसे, विचार करी, काही दिवसांनी पुन्हा त्याकडे वळे. पण पाहत बसलेला माणूस पडद्यावर निष्क्रिय दिसतो. त्यामुळे पॉलक म्हणजे आवेगाने रंग फेकणारा, हीच समजूत सर्वत्र पसरली आणि ‘असे तर कोणीही करील’ ह्या सामान्य प्रेक्षकाच्या शेऱ्यालाही तिने बळ दिले. त्याच छायाचित्रांत मागे बसलेली त्याची पत्नी ली क्रॅस्नर (१९०८–८४) ही स्वतः समर्थ चित्रकर्त्री असूनही दीर्घकाळ केवळ साक्षीदार म्हणून ओळखली गेली, हीदेखील ह्या प्रतिमेचीच एक बाजू होय.

आंरी-झॉर्झ क्लूझो (१९०७–७७) ह्याचा ‘ल मिस्तेर पिकासो’ (१९५६, अर्थ, ‘पिकासोचे रहस्य’) हा ह्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पट. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले आणि १९८४ मध्ये फ्रेंच शासनाने त्यास राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. छायालेखन चित्रकार रन्वारचा नातू क्लोद रन्वार ह्याचे, तर संगीत झॉर्झ ऑरिक ह्याचे आहे. कागदातून आरपार झिरपणाऱ्या शाईचा उपयोग करून क्लूझोने कॅमेरा कागदामागे ठेवला. त्यामुळे चित्रकार न दिसता पडद्यावर रेषा आपोआप उमटत जातात. माशाचा कोंबडा होतो व कोंबड्याचा चेहरा. चित्रे रंगीत, तर कार्यशाळेतील माणसे कृष्णधवल अशी विभागणी करून कला हेच खरे जग, असे दिग्दर्शक सुचवितो. बाझँने ह्या पटाचा गौरव केला. अंतिम चित्राआधीच्या अवस्था ह्या केवळ पायऱ्या नसून काळ हाच चित्राचा घटक आहे, हे त्याने सिद्ध केले, असे त्याचे मत होते. ते यथार्थ आहे. तरीही पटाचे शीर्षक विचारात घेण्याजोगे आहे. अर्धी चड्डी घातलेला, उघड्या अंगाचा पिकासो, फिल्म संपत आल्याची दिग्दर्शकाने दिलेली सूचना आणि तेवढ्यात चित्र पुरे करण्याची पैज ह्या सर्व गोष्टी जादूगाराच्या प्रयोगाला शोभणाऱ्या आहेत. कित्येक तासांचे काम काही मिनिटांत पाहिलेला प्रेक्षक थक्क होतो. पण पिकासोने एखादी रेषा का मोडली, हे त्याला कळत नाही. रहस्य उलगडण्याऐवजी येथे त्याची प्रतिष्ठापना होते.

प्रतीक्षा आणि प्रतिकार : ह्या परंपरेला उत्तर म्हणता येतील असे पट पुढील काळात निर्माण झाले. स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्तॉर एरिथे ह्याचा ‘एल सोल देल मेंब्रीयो’ (१९९२) हा त्यांतील अग्रगण्य. माद्रिदमधील आपल्या अंगणातील एका फळझाडाचे चित्र काढणारा आंतॉन्यो लोपेझ गार्थीआ हा त्याचा नायक. तो दोऱ्या व ओळंबा लावतो, पाय कोठे ठेवायचे ह्याच्या खुणांसाठी जमिनीत खिळे ठोकतो, पानाफळांवर पांढऱ्या रंगाने रेघा ओढतो. पाऊस येतो, प्रकाश बदलतो, फळांच्या भाराने फांद्या वाकतात. तैलचित्र सोडून देऊन तो रेखाचित्र सुरू करतो आणि फळे गळू लागल्यावर तेही अपुरे राहते. दोन तासांहून मोठ्या ह्या पटात चमत्कार एकही नाही. निष्ठा मात्र आहे. अपुरे राहिलेले चित्र हे अपयश न वाटता कामाचाच स्वाभाविक भाग वाटतो, हे ह्या पटाचे फार मोठे यश होय.

कॉरिना बेल्त्स हिच्या ‘गेरहार्ट रिख्टर पेंटिंग’ (२०११) ह्या पटात जर्मन चित्रकार रिख्टर मोठ्या फळीने ओल्या रंगाचे थर ओढतो, थांबतो, नापसंती दर्शवितो. कॅमेऱ्यासमोर रंगविणे आपल्याला नकोसे होते, हे तो त्या पटातच सांगतो. ही कबुली न वगळता दिग्दर्शिकेने ती पटाच्या केंद्रस्थानी आणली. प्रेक्षक येथे चित्रनिर्मितीबरोबरच आपण पाहत असल्याचा परिणामही पाहतो. हालिना डिर्श्का हिने स्वीडिश चित्रकर्त्री हिल्मा आफ क्लिंट (१८६२–१९४४) हिच्यावर केलेल्या पटाने (२०१९) आणखी वेगळे काम केले. अमूर्त चित्रकलेच्या प्रस्थापित इतिहासात हिला स्थान का मिळाले नाही, असा प्रश्न विचारून त्याने दंतकथेऐवजी इतिहासालेखनाचीच तपासणी केली.

भारतीय अनुबोधपट : भारतात कामात गढलेल्या कलावंताची प्रतिमा पडद्यावर आणण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) ह्यांचा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळके ह्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणाऱ्या आपल्या लघुपटात (१९१७) स्वतःलाच काम करताना दाखविले. तथापि चित्रकार-शिल्पकारांवरील पटांची सलग परंपरा सुरू झाली, ती मुंबईत १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिल्म्स डिव्हिजन’ ह्या शासकीय संस्थेमुळे. ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. तिचे लघुपट अनेक भाषांत काढले जात व कित्येक दशके मुख्य चित्रपटाआधी ते दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. कलावीथीची पायरी न चढलेल्या असंख्य प्रेक्षकांना आधुनिक भारतीय चित्रकाराचे पहिले दर्शन असे तिकिटाच्या खिडकीवरून, न मागता घडले. म्हणून ह्या पटांची जबाबदारी पाश्चात्त्य पटांहून अधिक होती. ती त्यांनी नेहमीच पेलली, असे म्हणता येत नाही. जन्मगाव, शिक्षण, सन्मान व कलाकृती ह्यांची यादी, भारदस्त निवेदन आणि सतारीचे सूर असा एक साचा तयार झाला; त्यात कलावंत हा राष्ट्राच्या गौरवाचा एक दाखला एवढाच उरे. भ. दा. गर्गा ह्यांच्या ‘अमृता शेरगिल’ (१९६९) ह्यासारख्या पटांपुढे आणखी एक अडचण होती. अमृता शेरगिल (१९१३–४१) ह्यांची छायाचित्रे वडील उमरावसिंग ह्यांनी विपुल काढली होती. मोहक, मनस्वी व अल्पायुषी नायिकेची ही प्रतिमा आधीच तयार असल्याने तिच्या आडून चित्रांपर्यंत पोहोचणे कोणत्याही चित्रपटकारास कठीणच होते.

साच्याबाहेर गेलेल्या पटांत सत्यजित रे (१९२१–९२) ह्यांचा ‘द इनर आय’ (१९७२) अग्रस्थानी आहे. शांतिनिकेतनात ज्यांच्या हाताखाली रे शिकले, ते विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–८०) हा त्याचा विषय. जन्मापासूनच अधू असलेली त्यांची दृष्टी १९५७ मध्ये पूर्णपणे गेली. त्यानंतरही ते रेखाटने, कागदी कात्रणचित्रे व भित्तिशिल्पे करीत राहिले. अशा विषयात करुणेचे भांडवल करणे सोपे होते. रे ह्यांनी ते कटाक्षाने टाळले. त्यांचे निवेदन संथ व तपशिलाचे आहे. हिंदी भवनातील संतजीवनावरील भित्तिचित्रापाशी (१९४६-४७) कॅमेरा पुरेसा थांबतो आणि अंधत्व ही विनोदबिहारींच्या दृष्टीने एक नवी अनुभूती, अस्तित्वाची एक नवी अवस्था ठरते. पाहणे हे डोळ्यांइतकेच स्मृतीचे व स्पर्शाचे काम आहे, हे ह्या सुमारे वीस मिनिटांच्या पटातून जितके उमगते, तितके क्वचितच एखाद्या ग्रंथातून उमगत असेल.

ऋत्विक घटक (१९२५–७६) ह्यांनी शिल्पकार रामकिंकर बैज (१९०६–८०) ह्यांच्यावर १९७५ मध्ये सुरू केलेला पट त्यांच्या निधनामुळे अपुरा राहिला. त्यात गळक्या छपराखाली लावलेल्या स्वतःच्या तैलचित्रांविषयी रामकिंकर हसतहसत बोलतात. अवलिया कलावंत ही लोकप्रिय प्रतिमा येथेही आहे. पण प्रश्न विचारणारा घटक ह्यांच्यासारखाच उपेक्षित समानधर्मा असल्याने समाजाने कलावंताला काय दिले, हा प्रश्न प्रेक्षकाला टाळता येत नाही.

पंढरपूर येथे जन्मलेल्या व मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून उमेदवारी केलेल्या मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) ह्यांनी वेगळा मार्ग पत्करला. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) ह्या त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या पटात चित्रकार काय पाहतो, ते कथेवाचून व निवेदनावाचून येते. राजस्थानातील किल्ले, माणसे, कंदील, छत्री ह्यांची दृश्ये एकमेकांशेजारी ठेवलेली आहेत. बर्लिन महोत्सवात त्यास लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. पुढे मात्र अनवाणी पाय, पांढरी दाढी व लांब कुंचला ही हुसेन ह्यांची स्वतःचीच प्रतिमा त्यांच्या चित्रांहून अधिक परिचित झाली. त्यांच्यावर प्रेम करणारे व रोष धरणारे अशा दोघांनीही पुष्कळदा चित्रांऐवजी त्या प्रतिमेशीच व्यवहार केला. ज्याने आरंभी कॅमेरा स्वतःवरून हटवून जगाकडे वळविला होता, त्याच्याच बाबतीत असे घडावे, हे लक्षणीय आहे.

मराठी लेखक व चित्रपटकार अरुण खोपकर ह्यांनी भूपेन खख्खर, नलिनी मलानी व विवान सुंदरम् ह्यांच्यावर ‘फिगर्स ऑफ थॉट’ (१९९०) आणि जहांगीर सबावाला ह्यांच्यावर ‘कलर्स ऑफ ॲब्सेन्स’ (१९९३) हे पट केले. चरित्र दुय्यम मानून चित्ररचनेला समांतर अशी चित्रपटीय रचना शोधण्याकडे त्यांचा कल आहे. अमित दत्ता ह्यांच्या ‘नैनसुख’ (२०१०) ह्या पटात अठराव्या शतकातील पहाडी चित्रकाराची लघुचित्रे त्याच परिसरात सजीव केली आहेत. ज्याच्या जीवनाची माहिती अगदी तुटपुंजी आहे, अशा कलावंताचे चरित्र त्याच्या दृष्टीतूनच उभारता येते, हे त्याने दाखविले.

मूल्यमापन : ह्या पटांचे दस्तऐवज म्हणून असलेले मोल निर्विवाद आहे, रन्वारची आखडलेली बोटे किंवा विनोदबिहारींची चाचपणारी बोटे आज अन्यत्र कोठेही पाहावयास मिळणार नाहीत. मात्र दस्तऐवज व प्रतिमा ही येथे एकाच फितीवर असतात. कलासंग्रहालये, कलावीथी व दूरचित्रवाणी ह्यांच्या आश्रयाने अशा पटांची संख्या वाढत गेली, तसा कलावंताचा चेहरा हा त्याच्या कलाकृतीच्या मूल्याचाही आधार बनला. अशा वेळी पट किती आकर्षक आहे, ह्यापेक्षा तो पाहून झाल्यावर प्रेक्षकाचे पाऊल कलाकृतीकडे वळते की नाही, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरते. कलावंत हा दैवी देणगी लाभलेला वेगळा प्राणी आहे, असे मानणारा समाज त्याला नमस्कार करतो आणि त्याच्या कामापासून दूर राहतो. कला हे पाहण्याचे, चुकण्याचे व पुन्हा करण्याचे काम आहे, असे जाणणारा समाज तिच्याजवळ जाण्याचे धाडस करतो. रे व एरिथे ह्यांचे पट ह्या दुसऱ्या जाणिवेच्या बाजूने उभे आहेत, ह्यातच त्यांची श्रेष्ठता आहे.